मीटर टाकून पंढरपूर

पुण्यात रिक्षावाला आपणहून मीटर टाकतो तेव्हा माणूस आधी घाबरतो. याच्या मनात काय आहे, हा आपल्याला कुठून फिरवून नेणार आहे, अशी शंका येते. ज्येष्ठ महिन्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला, ‘यंदा आळंदी ते पंढरपूर पायी. मुलींच्या सायकलींसाठी. प्रति किलोमीटर फक्त दहा रुपये,’ तेव्हा मला अगदी तसंच झालं. पण दहा रुपयांत हल्ली जेमतेम एक चहा येतो, असा विचार करून मी अंगठा टाकला. अंतर नंतर पाहिलं. अडीचशे किलोमीटर. म्हणजे अडीच हजार! एवढ्यात मी कुटुंबासह एसटीने पंढरपूरला जाऊन, कळसाचं दर्शन घेऊन, पेढे आणि बुक्का घेऊन परत आलो असतो, वर काही सुटे उरले असते.

हा निरोप टाकणारा गृहस्थ आमच्या सी विंगमध्ये राहतो. त्याला आम्ही मीटरदादा म्हणतो. तुमच्याही सोसायटीत असा एक असेल. वय पन्नासच्या आसपास, नोकरी बऱ्यापैकी, साखर किंचित वर. याने पूर्वी रक्तदानासाठी सिंहगड चढलेला असतो, झाडांसाठी सायकल चालवलेली असते आणि कसल्यातरी जनजागृतीसाठी पहाटे पाचला लक्ष्मी रस्त्यावरून धावलेला असतो. त्याच्या कपाटात अशा उपक्रमांचे एकोणीस टीशर्ट असतात आणि त्याची बायको त्यांतलाच एक घालून लादी पुसत असते.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याची अडचण एवढीच, की त्याला नुसते पैसे मागता येत नाहीत. हा खास मध्यमवर्गीय मराठी आजार आहे. गणपतीची वर्गणी मागताना हाच माणूस दारात पावतीपुस्तक उघडून ‘मागच्या वर्षी पाचशे एक होते, यंदा सातशे एक लिहू ना?’ असं विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता लिहितो. पण शाळेसाठी, दवाखान्यासाठी मागायचं झालं की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. देवाच्या नावाने मागताना आपण वसूल करतो. माणसांच्या नावाने मागायचं म्हणजे भीक मागितल्यासारखं वाटतं. मग तो काहीतरी तारण ठेवू पाहतो. सोनं नाही, घर बँकेकडे. राहिले पाय. ते त्याने ठेवले.

त्याच्या पत्रकावर विनोबांचं चित्र होतं. १९५१ साली पोचमपल्लीत विनोबांनी जमीन मागितली, एका जमीनदाराने शंभर एकर दिली आणि पुढे तेरा-एक वर्षं विनोबा देशभर चालत राहिले, ही माहिती त्याखाली होती. सोसायटीचे खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पत्रक वाचलं आणि विचारलं, ‘‘विनोबांचा दर किती होता?’’

‘‘दर नव्हता, काका.’’

‘‘मग तुझा का?’’

मीटरदादाने पारदर्शकता, सहभाग, बांधिलकी असे बरेच शब्द वापरले. काकांनी ते ऐकून प्रति किलोमीटर दोन रुपये, कमाल मर्यादा पाचशे, असं लिहून सही केली. मग ८०जीची पावती मिळेल ना, याची खात्री करून घेतली. वास्तविक काका नव्या करपद्धतीत गेलेले, तिथे त्या पावतीचा काडीचा उपयोग नाही. ‘‘फाईलला असावी,’’ म्हणाले.

योजना अशी होती. नीरेच्या अलीकडच्या एका गावातल्या चाळीस मुली रोज सात किलोमीटर चालत शाळेत जातात, चालत परत येतात. त्यांना चालावं लागू नये म्हणून हा चालणार. हा हिशेब पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटतो, दुसऱ्यांदा ऐकताना जास्तच.

आळंदीहून निघालेली पालखी पुण्यात दोन मुक्काम करून वद्य एकादशीला सासवडकडे निघते. सबंध वाटेतला सगळ्यात लांब टप्पा, त्यात दिवे घाट, आणि वर उपास. त्या दिवशी मी घाटापुरता त्याच्याबरोबर गेलो. उघडच सांगायचं तर, हा कितपत टिकतो ते बघायला गेलो. सासवडला थांबला तर माझे जेमतेम सहाशे जाणार होते. असा विचार मनात येणं बरं नव्हे, पण दात्याचंही मन असतं.

मीटरदादाचा थाट पाहण्यासारखा होता. डोक्यावर गांधी टोपी, पायांत महागडे बूट, दोन्ही हातांत घडीच्या काठ्या, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी खांद्यावरून तोंडाशी आलेली. शेजारून डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक आजी झपझप चालली होती. पायांत झिजलेल्या चपला. तिने दोनदा वळून पाहिलं, मग न राहवून मला विचारलं, ‘‘सलाईन लावून कशापायी आनलाय वो ह्यांना? घरी ठेवायचं की.’’ आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली. वडकीपासून घाटाच्या माथ्यापर्यंत मीटरदादाने तिला गाठायचा प्रयत्न केला. ती शेवटपर्यंत पुढेच राहिली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. केळी, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची चिक्की, ताक. एक जण दाढी करून देत होता, एक चपला शिवून देत होता, कॉलेजातली पोरं पाय दाबून देत होती. मीटरदादा प्रत्येक ठिकाणी आधी पाकीट काढायचा. ‘‘किती झाले?’’ असं त्याने खिचडीवाल्याला विचारलं, तेव्हा तो इतका गोंधळला की त्याने आणखी एक पळी वाढली. घाट संपेपर्यंत मीटरदादाने नऊ ठिकाणी उपास केला. मी अकरा ठिकाणी.

त्याच्या टीशर्टच्या पाठीवर देणगीचा क्यूआर कोड होता, हातभर मोठा. कल्पना अशी, की मागून चालणाऱ्याने सहज फोन काढावा. पण मागून चालणाऱ्याच्या एका हातात पताका, दुसऱ्या हाताने धोतराचा सोगा धरलेला, तोंडात अभंग. आठ दिवसांत त्या पाठीवर एक पैसा जमला नाही. जमला तो लोणंदला. मीटरदादा एका टपरीसमोर, रस्त्याकडे पाठ करून चहा पीत उभा होता. मागून आलेल्या दोघांनी चहा घेतला, समोर दिसला तो कोड मारला, वीस रुपये पाठवले आणि निघून गेले. टपरीवाल्याने चहाचे पैसे मागितले. पैसे तर मुलींच्या सायकलींना गेले होते, आणि देणगीच्या खात्यातून ते परत कसे काढणार? शेवटी मीटरदादाने खिशातून वीस रुपये दिले. त्याच्या वहीत ही नोंद आहे : ‘लोणंद. उलट देणगी, कप दोन.’

त्याने एका दिंडीत रीतसर भिशी भरली होती. म्हणजे चालण्याचे पैसे एकीकडे द्यायचे आणि दुसरीकडे घ्यायचे. दिंडीतले परभणीकडचे एक आजोबा वयाच्या विसाव्या वर्षापासून चालताहेत. तरडगावच्या तंबूत त्यांनी याची चौकशी केली. संवाद त्यानेच मला फोनवरून ऐकवला.

‘‘तुमी चालता म्हणून लोक पैसे देतेत?’’

‘‘हो, माउली.’’

‘‘आन नाही चाललात तर?’’

‘‘तर... नाही देणार.’’

‘‘पोरींना सायकल तर मंग बी लागंलच की.’’

यावर काय बोलावं ते मीटरदादाला सुचेना. आजोबांनी मग त्याच्या टाचेचा फोड पाहिला, टोपीच्या घडीतून सुई काढली, दोरा ओवला, फोडातून आरपार नेला आणि दोरा आतच ठेवून तोडला. पाणी झिरपून जातं, कातडी राहते. दर काय, हे मीटरदादाने या वेळी विचारलं नाही. तेवढी प्रगती होती.

मुक्कामावर रात्री समाज आरती असते. चोपदारांनी दंड उंचावला की एवढा मोठा समुदाय एकदम गप्प होतो. कुणाचं काय हरवलं, काय सापडलं, ते तिथे सांगतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते आणि तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. ही शांतता पाहून मीटरदादाचे डोळे लकाकले. एवढ्या श्रोत्यांसमोर सायकलींचं आवाहन करता आलं तर! त्याने दिंडीच्या विणेकऱ्यांकडे शब्द टाकला. ते म्हणाले, ‘‘माउली, इथं हरवलेलं सांगतात. पाहिजे असलेलं नाही.’’

खरी पंचाईत झाली ती घड्याळाची. पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या हातात टाळ दिले. घड्याळ मनगटाच्या हालचालीवरून पावलं मोजतं. टाळाचा प्रत्येक ठोका त्याला पाऊल वाटला. वीस किलोमीटरच्या टप्प्याला घड्याळ अठ्ठावीस दाखवू लागलं. फुगडीच्या दिवशी तर ते मीटरदादाला थेट बारामतीपर्यंत नेऊन आणायचं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, सदाशिवनगरला गोल रिंगण, घोडा धावला आणि घड्याळही. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. रिक्षाच्या जलद मीटरबद्दल रिक्षावाला कधी तक्रार करतो? पण हा प्रामाणिक माणूस. त्याने ग्रुपवर खुलासा टाकला, की रोजच्या आकड्यातून टाळ आणि फुगडी वजा करण्यात येतील. काकांनी लगेच त्याचं नामकरण केलं, टीडीएस. टाळ डिडक्टेड ॲट सोर्स.

वेळापूरजवळच्या उतारावर धावा असतो. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून सगळे धावतात. मीटरदादाही धावला. बी विंगमधल्या एका दात्याने लगेच विचारलं, ‘धावण्याचा दर तोच आहे का?’ काकांनी त्यावर लिहिलं, ‘उताराला सवलत असावी.’

आषाढी झाली, पारणं झालं, मीटरदादा एसटीने परत आला. रापला होता, आणि वजन दीड किलोने वाढलं होतं. रविवारी सोसायटीच्या ऑफिसात हिशेबाला बसलो. काकांनी लाल पेन आणलं होतं.

‘‘घड्याळाचे?’’

‘‘३०५.’’

‘‘टाळकपात?’’

‘‘६१.’’

‘‘निव्वळ २४४. मुक्काम ते मुक्काम नकाशावर अंतर दिसतं, मग घड्याळ कशाला बांधलं होतंस?’’

‘‘पारदर्शकता, काका.’’

सायकली चाळीसऐवजी एकोणचाळीस झाल्या होत्या. चाळिसाव्या सायकलीला काही हजार कमी पडत होते. काकांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, पण जाताना टेबलावर एक पाकीट विसरल्यासारखं ठेवून गेले. त्याची पावतीही मागितली नाही. ते नंतरचं. त्या क्षणी मात्र ते नकाशावर बोट ठेवून एकेक मुक्काम मोजत होते. वाखरीला बोट थांबलं.

‘‘अडीचशेला सहा कमी. वाखरी ते पंढरपूर कुठे आहे?’’

मीटरदादा चपलेकडे बघत होता. बूट नव्हे, चपला. नवी जोडी होती, पण तिच्यातही टाचेला टाके घातलेले दिसत होते.

‘‘घड्याळ काढून ठेवलं होतं.’’

‘‘चार्जिंग संपलं?’’

‘‘नाही.’’

काका थोडा वेळ थांबले. मग त्यांनी माझ्या नावापुढे २,४४० आणि स्वतःच्या नावापुढे ४८८ लिहिलं. आपले बारा रुपये वाचले, हे त्यांच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नसणार. वाखरी ते पंढरपूर या ओळीवर रक्कम लिहायच्या रकान्यात त्यांनी तिरकी रेघ मारली आणि शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात, बँकेतल्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं : ‘स्वखर्चाने’.