पोच

तुमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर असतील, आमच्या मुलुंड पूर्वेला तिसऱ्यावर आहेत. फरक असलाच तर एवढाच. लिफ्टमध्ये आधी प्लास्टिकचं फोल्डर शिरतं, मागून ते. होळीला चार पुरणपोळ्या द्यायला गेलो, तर मला दारातच थांबवून त्यांनी चिठोऱ्यावर ‘पुरणपोळ्या, नग चार, सुस्थितीत मिळाल्या’ असं लिहिलं, तारीख घातली, सही ठोकली आणि चिठोरा माझ्या हातात ठेवला. वर म्हणाले, “डबा परत देईन तेव्हा तुमची पोच लागेल.”

म्हणून पोचकाका. इमारतीतल्या निम्म्या पोरांना त्यांचं आडनाव माहीत नाही.

दूधवाला, इस्त्रीवाला, वर्गणी मागायला येणारी मुलं, कुणीही सुटलेलं नाही. वर्गणीच्या पावतीने त्यांचं भागत नाही; ‘सदर रक्कम गणपतीसाठीच घेतली’ असं मुलांकडून वेगळं लिहून घेतात. मुलीच्या लग्नात पत्रिका वाटायला निघाले ते वही घेऊन. मिळाली, तारीख, सही. व्याह्यांनी सही केली, विहीणबाईंनीही मुकाट्याने केली. फक्त मेव्हणीने वही बाजूला सारली आणि चारचौघांत सांगून टाकलं, “या माणसाला काडीची पोच नाही.” तेव्हापासून आमच्याकडे हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणा त्यांना मान्य नाहीत. “त्यावर सही कुठाय?”

आणि अशा माणसाचंच पार्सल हरवावं!

मुलगी टोरांटोला. तिला मुलगा झाला. काकूंनी बाळासाठी गोधडी शिवली. वर मुलीच्या लहानपणच्या फ्रॉकांचे तुकडे, आत सासूबाईंचं धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं नऊवारी. सोबत डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा. सगळं मिळून चार किलो भरलं. परदेशी पार्सलाला सीएन 23 नावाचा जकातीचा कागद जोडावा लागतो: आत काय, वजन किती, किंमत किती. इथे काकांनी हुशारी केली. मुलीला तिकडे जकात पडू नये म्हणून किंमत लिहिली पाचशे रुपये. हसू नका, तुम्हीही हेच केलं असतंत.

पार्सलाला तेरा खुणांचा नंबर असतो. आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आय एन. त्यातला नववा आकडा आधीच्या आठांवरून हिशेबाने काढलेला असतो, हे काकांनी शोधून काढलं. आठ आकड्यांना अनुक्रमे 8, 6, 4, 2, 3, 5, 9 आणि 7 ने गुणून, बेरजेला 11 ने भागून त्यांनी नंबर अस्सल असल्याची खात्री करून घेतली. नंबर अस्सल होता. पार्सल तेवढं नव्हतं. इकडचे म्हणत, गेलं. तिकडचे म्हणत, आलं नाही. काका घाटकोपरहून मेट्रो पकडून सहार विमानतळाच्या बाजूलाही जाऊन आले. तिथून काय आणलं विचारलं, तर फोल्डर उघडून दाखवलं: गेटवरच्या रखवालदाराची सही, ‘सदर गृहस्थ येऊन गेले’.

चौकशीचा अर्ज पार्सल टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांत करावा लागतो. काकांनी तो पंचविसाव्या दिवशी केला. सीएन 08. मागितली होती एक प्रत, दिल्या तीन, आणि तिन्हींवर पोच घेतली. तेव्हा टोरांटोत बाळ पालथं पडायला लागलं होतं. अर्ज या देशाच्या टपालाकडून त्या देशाच्या टपालाकडे गेला, आणि बाळ रांगायला लागलं.

मधल्या काळात काकांनी जागतिक टपालाचा अभ्यास केला आणि तो आम्हाला भोगावा लागला. सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय होता पाण्याच्या टाकीची गळती. काका उठले ते थेट 1874 सालच्या बर्न शहरात. तिथे टपालाची जागतिक संघटना कशी निघाली, 1876 मध्ये हिंदुस्थान तिच्यात कसा गेला, मग 1898 चा टपाल कायदा. त्याचं सहावं कलम असं, की वस्तू हरवली, चुकीच्या दारात पडली, उशिरा पोचली वा मोडली, तर सरकार जबाबदार नाही. जेवढी जबाबदारी सरकार आपण होऊन पत्करेल तेवढीच. “इंग्रज 47 साली गेले, कायदा गेला 18 जून 2024 ला,” काका गरजले. नव्यात काय आहे, असं कुणीतरी चुकून विचारलं. “नियमांत लिहिली असेल तेवढीच जबाबदारी!” टाकी गळतच होती.

पुढे एसडीआर आले. परदेशी पार्सलाच्या भरपाईची मर्यादा रुपयांत नसते, डॉलरांतही नसते, ती असते एसडीआरमध्ये. नाणेनिधीने 1969 साली काढलेलं हे माप. डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांची मोट बांधून त्याची किंमत ठरते, पण ते कुणाच्या खिशात कधी खुळखुळत नाही. साध्या पार्सलामागे 40 एसडीआर आणि वर किलोमागे साडेचार. चार किलोचे झाले 58. एकाचे शंभरावर रुपये होतात, म्हणजे रक्कम सहा हजारांच्या घरात. काका इतके खुशीत होते की सेक्रेटरीने वैतागून विचारलं, टाकीचे माणशी किती एसडीआर पडतील तेही सांगा. काकांनी सांगितले. दोन दशांश स्थळांपर्यंत.

मग निकाल आला. मर्यादा 58 ची खरी, पण मिळते ती वस्तूच्या किमतीइतकी भरपाई. आणि किंमत? ती काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून, खाली सही करून, तीन झेरॉक्स काढून जपून ठेवली होती. पाचशे रुपये. तेवढे आले, आणि भरलेला टपालखर्च. बाळ तेव्हा चालायला लागलं होतं.

मी मनमुराद हसलो. जिन्यात हसलो, घरी हसलो, खाली गेटवर वॉचमनमामांना सांगून पुन्हा हसलो. मामा हसले नाहीत.

लालबहादूर शास्त्री मार्गावर आज टॉवर आहेत तिथे पूर्वी कारखाने होते. त्यातल्याच एकात मामा फिटर होते आणि काका टाइम ऑफिसात क्लार्क. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाच्या लेखी निम्मे कामगार कधी कामाला नव्हतेच. हजेरीची पुस्तकं गहाळ. काकांच्या घरी पत्र्याची पेटी होती. तीत प्रत्येकाच्या पगाराच्या पावतीची प्रत होती, अंगठ्यासकट. सदतीस जणांची ग्रॅच्युइटी त्या पेटीतून निघाली. “माझ्या पोरीचं लग्न त्यात झालं,” मामा म्हणाले आणि गेट उघडायला गेले. काकांनी हे मला कधी सांगितलेलं नाही. एसडीआरबद्दल मात्र चार वेळा सांगितलं. माणसाला पोच नाही ती नाहीच.

काकूंनी दुसरी गोधडी शिवली. सासूबाईंचं लुगडं संपलं होतं, म्हणून आत स्वतःची साडी घातली. मी भाच्याकडे टोरांटोला निघालो होतो, तेव्हा ती माझ्या बॅगेत आली. अर्थात कागदावर सही घेऊन. काकांनी रकाने आखले होते: वस्तू, नग, वजन, किंमत. पहिले तीन भराभर भरले. चौथ्यापाशी पेन बराच वेळ थांबलं. काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. मग काकांनी तिथे आडवी रेघ मारली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

मुलगी बापाचीच. गोधडी हातात पडताच तिने वहीचं पान फाडलं, ‘गोधडी, नग एक, सुस्थितीत मिळाली’ असं लिहून सही केली, आणि बाळाच्या अंगठ्याला शाई लावून शेजारी उमटवला. मी म्हटलं, दे, नेतो बरोबर. “नको, पोस्टाने पाठवते. बाबांना बरं वाटेल.” तिने तिकीट लावून ते कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं.

मला परत येऊन दोन महिने झाले. काका रोज दुपारी खाली उतरून पत्रपेटी उघडून बघतात. पत्र साधं होतं. साध्या पत्राला नंबर नसतो, आणि ते हरवलं तर त्याची भरपाईही नसते.