पायाला कमान

गुडघा कुरकुरतो म्हणून सोडलेलं पळणं मी चंद्रपुरात पुन्हा सुरू केलं. म्हणजे आधी इनसोल आणले. पाय सपाट, कमान हवी, असं निदान झालं होतं. 'एवढ्यात धानाचं बियाणं आलं असतं,' ही बोलली. असो.

पहिल्याच पहाटे डावा इनसोल टाचेखाली गोळा झाला. रस्त्याकडेला बसून दोन्ही उपसत होतो, तर पोलीस भरतीची पोरं-पोरी बाजूनं सपासप गेली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० त्यातच. दोघं-तिघं तर अनवाणीच.

'काका, इथं नका बसू, वाघ फिरते!' एक पोरगी ओरडली.

इनसोल हातात घेऊनच घर गाठलं. गुडघा एकदाही कुरकुरला नाही.