प्लगपंत

इंग्लंडच्या कुठल्याही उपनगरात शनिवारी दुपारी कोणीतरी गृहस्थ आपल्याच गाडीमागे गुडघे टेकून बसलेला दिसतो. तो ट्रेलर जोडत असतो. थोड्याच वेळात त्याच्या मागे न बोलावता दुसरा गृहस्थ येऊन उभा राहतो. हे प्लगपंत. वय साठीच्या पुढे, जानेवारीतसुद्धा अर्धी चड्डी, खिशात टेस्टर.

खाली बसलेल्याची अडचण साधी असते. कुंपणाची झुडपं छाटून झाली, फांद्या ट्रेलरमध्ये भरल्या, कचरा केंद्र चारला बंद होतं. ट्रेलर शेजाऱ्याकडून मागून आणलेला, जुना, त्याचा प्लग 7 पिनांचा. गाडी नवी, तिचं सॉकेट 13 पिनांचं. प्लग काही केल्या आत जात नाही.

"जायचाच नाही," पंत आनंदाने म्हणतात. "ते 13 पिनांचं प्रकरण युरोपातून आलंय." ब्रेक्झिटच्या वेळी त्यांनी मत कुणाला दिलं, हे वेगळं विचारावं लागत नाही.

मग ते घरी जाऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन येतात. त्यात बिस्किटं नसतात हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. सातातून तेरात जाणारा ॲडॅप्टर, तेरातून सातात येणारा, वायरींचे तुकडे, फ्यूज. पूर्वी कॅरॅव्हॅनला दोन प्लग असत: रस्त्यावरच्या दिव्यांसाठी काळा, आतल्या फ्रिजबिजसाठी करडा. 2008 च्या सुमारास नव्या कॅरॅव्हॅनना दोन्हींच्या जागी एकच 13 पिनांचा प्लग येऊ लागला. पंतांनी ते अजून माफ केलेलं नाही. सात पिनांचे रंग ते रामरक्षा म्हणावी तसे म्हणतात: पिवळी, निळी, पांढरी, हिरवी, तपकिरी, लाल, काळी. पिवळी डावा इंडिकेटर, निळी फॉग लँप... पुढचं ऐकायला सहसा कोणी थांबत नाही.

ॲडॅप्टर बसतो. आता तपासणी. गृहस्थ ब्रेकवर पाय ठेवतो, त्याची बायको पावसाच्या भुरभुरीत मागे उभी.

"ब्रेक?"

"इंडिकेटर लागलाय!"

"मी ब्रेक दाबलाय!"

"आणि मी डोळ्यांनी बघतेय!"

इथे नवरा-बायकोचं बिनसायची वेळ येते आणि पंतांची चमकायची. "पिन नंबर 3. पांढरी वायर. अर्थिंग." ट्रेलरच्या सगळ्या दिव्यांचा करंट त्या एका पांढऱ्या वायरीतून परत जातो. ती गंजली की तो दुसऱ्या बल्बांमधून वाट काढतो आणि ब्रेक दाबला की भलताच दिवा मिणमिणतो. निदान अचूक असतं, हे कबूल केलं पाहिजे. फक्त हेच निदान ते चर्चच्या माइकपासून जावयाच्या स्वभावापर्यंत सगळ्यांना लावतात.

पॉलिश पेपर फिरतो, स्प्रे मारला जातो, दिवे लागतात. बाई टाळ्या वाजवते. पंतांचा चेहरा मात्र पडतो. सगळं जुळलं की त्यांना तिथे थांबायला निमित्त उरत नाही. ते फॉग लँप लावायला सांगतात. तो लागतो. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. तेही लागतात.

"परत आलात की ॲडॅप्टर आठवणीने काढा," ते म्हणतात. सॉकेटमध्ये तो तसाच राहिला, तर काही गाड्यांना मागे ट्रेलर आहे असंच वाटत राहतं आणि रिव्हर्स घेताना पार्किंग सेन्सर चकार शब्द काढत नाहीत. पंतांच्या गॅरेजच्या दाराला बंपरच्या उंचीवर एक पोचा आहे. त्याविषयी त्यांना कोणी विचारत नाही.

पावणेचार वाजतात. गृहस्थ आभार मानतो, पट्टा लावतो, इंजिन सुरू करतो. पंत डबा बंद करतात, दोन पावलं चालतात आणि वळतात.

"आणि नंबरप्लेट?"

ब्रिटनमध्ये ट्रेलरच्या मागे ओढणाऱ्या गाडीचा नंबर लागतो. या ट्रेलरवर अजून शेजाऱ्याच्या गाडीचा आहे. पंतांनी तो आल्याआल्याच पाहिला होता.