गच्चीवर सूर्य, न्हाणीघरात गीझर

छतावर सौर पॅनेल बसले की घरातली वीजबचत संपते आणि सुधारणा सुरू होतात. 2024च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. महाराष्ट्रातल्या उन्हात एवढी पॅनेल महिन्याला साधारण 300 ते 360 युनिट देतात. योजनेच्या पूर्ण नावातच ‘मुफ्त बिजली’ असल्याने पहिल्या किरकोळ बिलापाठोपाठ दीड टनाचा एसी येतो.

मग गच्ची. पॅनेलला जागा हवी म्हणून वर्षानुवर्षे निमूट पाणी तापवणारा सौरबंब भंगारात जातो आणि न्हाणीघरात 2,000 वॅटचा गीझर लागतो. सूर्य जे पाणी थेट तापवत होता, ते आता वीज, इन्व्हर्टर, तारा असा वळसा घालून तापते. तेही पहाटे साडेपाचला, पॅनेलवर फक्त दव असताना. पाच स्टारचा नवा फ्रिज येतो. जुना मात्र ‘लोणच्यांसाठी’ बाल्कनीत घुरघुरत राहतो.

75 वॅटचे पंखे काढून 30 वॅटचे बीएलडीसी पंखे लावणे राहूनच जाते, कारण ते पाहुण्यांना दाखवण्यासारखे नसतात. खरे तर हे पॅनेलच्या आधी करायचे, म्हणजे पॅनेलच कमी लागतात. पॅनेल विकणाऱ्याला हे सांगायला सवड नसते.

नेट मीटर मात्र दिलेले आणि घेतलेले युनिट इमानाने मोजतो. मे महिन्यात बिल पूर्वीच्या आकड्यावर येते आणि कुटुंबप्रमुख जुना बनियन आणि बादली घेऊन पॅनेल पुसायला गच्चीवर जातात.