वर्गणीचा हंगाम

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचं धुराडं पेटलं, की शिवारभर तो जड, गोडसर वास पसरतो आणि त्याच्या मागोमाग वर्गणी मागणारी माणसं निघतात. देवळाचा कळस असो, शाळेची खोली असो, तालमीचा हौद असो, पुढं चालणारा माणूस बहुधा तोच. बगलेत पावतीपुस्तक, खिशात दोन पेनं आणि डोक्यात साऱ्या गावाचा जमाखर्च. कुणाचा ऊस गेला, कुणाचं बिल जमा झालं, कुणाच्या घरी लग्न निघालंय, हे त्याला सोसायटीच्या सचिवाआधी कळतं. अमेरिकेत हाच उद्योग करणाऱ्याला सल्लागार म्हणतात. चर्चचं छप्पर गळू लागलं, की त्याला रीतसर फी देऊन बोलावतात. जमलेल्या रकमेवर टक्केवारी घेणं मात्र तिथल्या व्यवसायाच्या आचारसंहितेला मंजूर नाही. आमच्या माणसाला ती संहिता कधी वाचावी लागली नाही. त्याची फी म्हणजे दारोदारचा चहा, आणि तोही नको म्हणायची सोय नाही; चहा नाकारला की आकडा घसरतो.

लहानपणी शिक्का आणि पॅड सांभाळत मी अशा एका गृहस्थामागं हिंडलोय. पैशाचं नाव ते काढतच नसत. आधी म्हशीची चौकशी, मग पाटाच्या पाण्याची, मग मुंबईच्या मुलाची. नंतर झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तितक्या अलगद ते पुस्तक उघडत. पहिली पावती कुणाच्या नावानं फाडायची, यावर आदल्या रात्री खल झालेला असे, कारण पहिला आकडा जिथं बसतो त्याच्या वर गाव सहसा चढत नाही. ‘किती लिहू?’ एवढं विचारून ते गप्प होत. ती शांतता भल्याभल्यांना महागात पडे. एका म्हातारीनं कनवटीची चुरगळलेली नोट पुढं केली आणि म्हणाली, ‘‘माझं नाव नगं, म्हशीचं लिवा. दूध तिचं हाय.’’ त्यांनी पेनाचं टोपण काढून तितक्याच गंभीरपणे विचारलं, ‘‘नाव काय तिचं, आक्का?’’ पावती चंद्रीच्या नावानं फाटली.

वर्गणी मागणाऱ्यांच्या या घराण्याचे पूर्वज थोर. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घराघरातून मूठ-मूठ धान्य निघालं. धोंडो केशव कर्वे सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ साली, संस्थेसाठी मदत मागत परदेशी निघाले. अंताजी दामोदर काळ्यांनी तर माणशी वर्षाला एकच पैसा मागितला, आणि त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. मला काळ्यांचंच काम सगळ्यांत अवघड वाटतं. लाख मागणाऱ्याला एकदाच लाजावं लागतं, पैसा मागणाऱ्याला लाखदा.

आता पावतीपुस्तकाच्या पाठीवर क्यूआर कोड चिकटलाय. पैसे येतात, पण ‘टाकतो नंतर’ म्हणणाऱ्याच्या सोप्यात बसून म्हशीचं नाव विचारता येत नाही. यंदा वर्गणी मागणारा तुमच्या दारी आला, तर फोन काढण्याआधी त्याला बसा म्हणा. आणि आकडा आधीच सांगून टाकू नका. त्याची पाटाच्या पाण्याची चौकशी अजून व्हायची असते.