चालू वाचक

लोणावळ्याहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये हा माणूस हमखास खिडकीशी सापडतो. गाडी लोणावळ्यातूनच सुटते, त्यामुळे जागेसाठी त्याला हातघाईवर यावं लागत नाही; आणि फुकट मिळालेली खिडकी सत्कारणी लावावी, असं कुठल्याही मराठी माणसाला वाटतंच. तो पिशवीतून, डब्याच्या खालून, एक जाडजूड पुस्तक ओढून काढतो. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर असतं आणि कव्हरवर आमटीचा पिवळा डाग. 'सध्या काय वाचताय?' असं समोरच्याने विचारलं की उत्तर तयार असतं : '"मृत्युंजय" चालू आहे.' गेल्या पावसाळ्यात विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. मराठीत 'चालू' या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही या इसमाला लागू पडतात, असं डब्यात त्याच्या माघारी बोललं जातं. पहिला अर्थ कबूल. दुसरा मात्र त्याच्यावर अन्याय करणारा आहे, कर्णावर झाला त्याच्या खालोखाल. त्याची मतं अर्ध्या वाचनावर उभी असतात हे खरं. पण ती खोटी नसतात. ती त्याच्या तोंडून ऐकायची नसतात, इतकंच. पुस्तकात खूण कुठे घातली आहे ते बघायचं. तेच त्याचं मत.

पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली आणि तेव्हापासून या मार्गावरच्या वाचनाचं वेळापत्रक रेल्वेच ठरवत आली आहे. अंतर चौसष्ट किलोमीटर, वेळ साधारण सव्वा ते दीड तास. म्हणजे रोज चाळीस पानं व्हायला हवीत, असा हिशोब घरी बसणारे करतात. प्रत्यक्षात मळवलीला लोहगड-विसापूर दिसतात, आणि ते दिसत असताना पानात डोकं घालणं हा मावळ्याच्या रक्ताचा अपमान. कामशेतला किटल्या आणि भाजीच्या पाट्या चढतात. तळेगावला डबा भरतो. पुस्तक उघडायला कोपर लागतं आणि तिथून पुढे कोपराला जागा नसते. परतीच्या गाडीत माणूस पेंगतो, त्याला वाचन म्हणत नाहीत. उरली लोणावळा ते तळेगावची अर्ध्या-पाऊण तासाची पट्टी. तिच्यातून ओळखीपाळखी, पावसाची चौकशी आणि 'आज लेट आहे का हो' हे वजा केलं तर दहा-बारा पानं. मग खूण : संपलेला पास, नाहीतर चिक्कीच्या पुडक्यातला कागद. त्यात लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आषाढात पापड मऊ पडतात, आगपेटी पेटत नाही आणि पुस्तक फुगतं. वाचक जागचा हलत नाही, पुस्तक मात्र जाड होत जातं.

आता त्याची बोलून दाखवायची मतं. ती मोजकी आहेत आणि ती गेली कित्येक वर्षं बदललेली नाहीत. 'भाषा ओघवती आहे' म्हणजे पन्नास पानांच्या आत डोळा लागला नाही. 'जरा जड आहे' म्हणजे डोळा लागला. 'वेगळं आहे' म्हणजे काही कळलं नाही, पण ज्याने पुस्तक दिलं तो समोर बसलाय. 'कोसला' १९६३ साली आली, आणि हा शेरा तिच्या वाट्याला जितका आला असेल तितका दुसऱ्या कुठल्या मराठी कादंबरीच्या नशिबी क्वचितच असेल. 'मध्यंतरी वाचलं होतं' म्हणजे सिनेमा पाहिला. 'एकदा वाचायला हरकत नाही' हे वाक्य ज्याने एकदाही वाचलेलं नाही तोच उच्चारू शकतो. ज्याने वाचलंय तो हरकत तरी घेतो किंवा पुस्तक तुमच्या हातात कोंबतो. या सगळ्या नाण्यांत एकच बंदा रुपया आहे : 'कामशेत कधी गेलं कळलंच नाही.' हे तो मुद्दाम बोलत नाही, तोंडून निसटतं. आणि याच्याही वरचा दर्जा म्हणजे उतरायचं चिंचवडला असताना पिंपरीला जाग येणं. एखाद्या लेखकाला अकादमीचा पुरस्कार मिळाला तरी तो समितीने दिलेला असतो. एका माणसाला पिंपरीहून उलट्या गाडीने परत पाठवणं हे लेखकाने स्वतः करून दाखवलेलं काम असतं.

खुणेची साक्ष तोंडाच्या साक्षीहून पक्की कशी, ते पुस्तकागणिक तपासता येतं. १९६७ साली आलेल्या 'मृत्युंजय'मध्ये सहा जण आपापली बाजू सांगतात, त्यांतला शेवटचा कृष्ण. कृष्णापर्यंत पोचलेले या लोकलमध्ये थोडे. पण कर्णावर अन्याय झाला याबद्दल सबंध डब्याचं एकमत आहे, म्हणजे कृष्णाचं म्हणणं न ऐकताच निकाल लागलेला आहे. 'सेपियन्स'च्या मराठी अनुवादाचा वाचक असेल तर तो गव्हाची गोष्ट सांगतो : माणसाने गहू पाळला नाही, गव्हाने माणूस पाळला. फारच मार्मिक, पण ही गोष्ट पुस्तकाच्या पहिल्या चौथाईत येते. शेवटी माणूस स्वतःच्याच शरीराची नव्याने बांधणी करायला निघतो, त्या भागावरचं मत वडगावपर्यंतही कुणी सांगत नाही. 'रिच डॅड पुअर डॅड' मावळात जमिनीचे व्यवहार करणारी मंडळी भक्तिभावाने वाचतात आणि नेमक्या 'राहतं घर ही मालमत्ता नव्हे' या पानावर थबकतात. ज्याला दुपारी चार गिऱ्हाइकांना एन.ए. प्लॉट दाखवायचे आहेत त्याने या पानाच्या पुढे जावं तरी कशाला? 'पुस्तक चांगलंय, पण आपल्याकडे लागू नाही,' असा शेरा मारून तो ते पुतण्याला देऊन टाकतो. 'छावा'चं तर विचारूच नका. कादंबरी १९७९ची, सिनेमा २०२५च्या फेब्रुवारीतला. त्यानंतर 'पिक्चरपेक्षा पुस्तक भारी' हा निर्णय चाळिसाव्या पानावर खूण असलेल्यांनी दिला. निर्णय बरोबर असेलही. पण तो कादंबरी वाचून दिलेला नव्हता. तिकिटाचे पैसे आठवून दिलेला होता. याला अपवाद 'एक होता कार्व्हर'चा. वीणा गवाणकरांचं १९८१ सालचं ते पुस्तक शेवटापर्यंत मळलेलं सापडतं. ते आटोपशीर आहे हे एक कारण. आणि ज्या गावाची चूल शेंगदाणा आणि गुळावर पेटते तिथे शेंगदाण्यावर आयुष्य वेचणारा माणूस परका वाटत नाही, हे दुसरं.

यावर कुणीतरी तात्त्विक आक्षेप घेणारच, की अर्धवट वाचून मत देणं हाच मुळात बेजबाबदारपणा आहे. आक्षेप घेणाऱ्याने कुठल्याही सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन एखादी जुनी कादंबरी आडवी धरून पाहावी. पानांच्या कडा पहिल्या शंभरपर्यंत काळपट, पुढे पिवळट, आणि शेवटच्या काही पानांपाशी पुन्हा काळपट. कारण 'शेवट काय होतो' हे बघितल्याशिवाय कुणी पुस्तक परत करत नाही. १९६७च्या कायद्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले. पुस्तकांना वर्ग देण्याचं काम या कडांनी त्याच्या कितीतरी आधीपासून चालवलंय, आणि त्यांच्यावर अजून कुणी पक्षपाताचा आरोप केलेला नाही. शिवाय वाचन झालं की मत दिलंच पाहिजे, ही अटच इथल्या मातीतली नव्हे. मावळात गावोगाव सप्ताह बसतो, ज्ञानेश्वरीचं पारायण होतं, देहू हाकेच्या अंतरावर. सात दिवसांत ग्रंथ पुरा होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या ओवीपासून. उठताना कुणी कुणाला 'कसं वाटलं?' असं विचारत नाही. चालू वाचक हा त्याच परंपरेतला. फक्त त्याच्या ग्रंथाला सांगता नाही, आणि काल्याच्या आधीच त्याला मत विचारलं जातं. मग तो बिचारा 'ओघवती' म्हणतो.

दुसरा आक्षेप जास्त रोखठोक आहे : हा प्राणी आता उरलाच कुठे, सगळे मोबाइलमध्ये माना घालून बसतात. बसतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण मोबाइलमध्येही माणूस वाचतोच. वपुंच्या नावावर इतकी वाक्यं फिरतात की ती सगळी त्यांनी लिहायची म्हटली असती तर त्यांना नोकरी सोडावी लागली असती. फरक एवढाच, की मोबाइलमध्ये खूण राहत नाही. कुठे सोडलं ते कळत नाही, म्हणून खरं मतही कळत नाही. सगळ्याला सारखाच अंगठा. लेडीज डब्यात उलटा प्रकार चालतो. 'मला कुठला वेळ' म्हणत जी बाई मटारच्या शेंगा सोलता सोलता मांडीवरचं पुस्तक उलटते, तिचं दर पंधरवड्याला बदललेलं असतं. तिला मत विचारलं तर 'ठीक आहे' एवढंच. जिचं पुस्तक संपतं तिला बोलायला फुरसत नसते, आणि ज्याला फुरसत असते त्याचं पुस्तक संपत नाही. मराठी वाचकाचं मत म्हणून जे आपल्या कानावर येतं ते या फुरसतवाल्यांचं.

इतकी बाजू घेऊनही एक गुन्हा त्याच्या नावावर राहतोच. रोज तळेगावला तो पुस्तक मिटतो, त्याच तळेगाव दाभाड्यात गो. नी. दांडेकर राहत होते. ज्या लोणावळ्याला तो पुस्तक उघडतो तिथूनच राजमाचीची वाट फुटते, आणि त्या माचीवर मुंबई सोडून परत आलेल्या म्हाताऱ्याची कादंबरी दांडेकरांनी लिहून ठेवली आहे. 'माचीवरला बुधा'चं नाव काढलं की चालू वाचक न अडखळता म्हणतो, 'मध्यंतरी वाचलं होतं.' या वाक्याचा अर्थ वर दिलेला आहे. कादंबरी छोटी आहे, पिशवीत डब्याशेजारी उभी राहते, आणि लोणावळा ते तळेगाव एवढ्या पट्टीत आठ-पंधरा दिवसांत सहज संपेल. तेव्हा उद्या खिडकीशी पुस्तक घेऊन बसलेला कुणी दिसला तर 'कसं आहे?' असं विचारू नका. पुस्तक मिटताना पास कुठल्या पानात गेला तेवढं बघा. आणि पुस्तक 'बुधा' असेल, तर तळेगावला त्याच्या कोपराला थोडी जागा करून द्या.