व्यासांना न सुचलेला सेमार
बीटल्सची गाणी वाजवली म्हणून पोरांना आत टाकावं, असं शेजारच्या काकांना वाटणं समजू शकतं. इंडोनेशियात १९६५ साली सरकारने कूस बंधू या गायकांना खरोखरच तुरुंगात टाकलं. पाश्चात्त्य धांगडधिंग्याने आपली संस्कृती बुडते, असं राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंचं मत. त्या संगीताला ते ‘ङाक-ङिक-ङोक’ म्हणत. (नावं ठेवणाऱ्याचाही ताल किती पक्का!)

बंधू सुटले. पुढे ‘कूस प्लस’ या नावाने त्यांनी जावानीज गाण्यांच्या तबकड्या काढल्या, क्रोंचोंगच्याही काढल्या. क्रोंचोंग म्हणजे अगदी घरचं संगीत. फक्त त्यातली चिमुकली गिटार पोर्तुगीजांबरोबर आलेली. आपल्याकडे तरी पेटी परदेशी आहे हे कीर्तनकारबुवांना कोण सांगायला जातं?

गायक रोमा इरामा आणखी वस्ताद. हिंदी सिनेमाच्या चालींवर पोसलेल्या मलय वाद्यवृंदात तबल्याच्या वळणाचा ताल होताच. रोमांनी १९७०च्या दशकात त्याला डीप पर्पल या रॉक बँडच्या थाटाची गिटार जोडली, वर धर्मोपदेश घातला आणि ते ‘डांगडुत’ संगीताचे राजे झाले. ‘बेगादांग’ या गाण्यात ते बजावतात, की काम नसेल तर रात्री जागू नका. हा हितोपदेश ऐकायला माणसं रात्रीच मैदानात जमतात.

जागायला कामच हवं असेल, तर जावात वायांग आहे : चामडी बाहुल्यांच्या सावल्यांचं रात्रभर चालणारं महाभारत. अर्जुन, भीम आपलेच. पण मध्यरात्रीच्या सुमारास ढेरपोट्या सेमार आणि त्याची तीन पोरं अवतरतात, आणि ती काही व्यासांची नव्हेत. सेमार पांडवांचा नोकर; मुळात मात्र देव, तोही शंकराचा थोरला भाऊ. तेव्हा मालकाला चार शब्द सुनावायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. या प्रवेशात बाहुल्या खेळवणारा दालांग पुढाऱ्यांची फिरकी घेतो, फर्माइशी गाणी होतात, त्यांत डांगडुतही येतं. पेंगणारे सावरून बसतात. कौरव तिकडे ताटकळतात, ताटकळू देत.

२०१४मध्ये आपली हिंदी ‘महाभारत’ मालिका तिथल्या टीव्हीवर लागली. अर्जुन झालेला शाहीर शेख असा काही लोकप्रिय झाला, की तिथल्या सिनेमांतही झळकला. मालिकेत सेमार मात्र नव्हता. मग पांडवांना वेळेवर अक्कल शिकवली कोणी, असा प्रश्न एखाद्या जावानीज आजोबांना पडला असेल, तर तो रास्तच म्हणायला हवा.